पुलाच्या फोटोखालची ओळ

दरवर्षी १६ एप्रिलला एक चित्र मोबाइलवर फिरतं. पाण्यावर दगडी कमानींचा लांब पूल, त्यावर धूर सोडणारं इंजिन आणि मागे डबे. खाली ओळ असते: ‘भारतातली पहिली रेल्वे, १८५३’. चित्र देखणं आहे, ओळ मात्र चुकीची आहे. हे कळायला अभिलेखागारात जावं लागत नाही, मध्य रेल्वेचा नकाशा पुरेसा आहे. १८५३ ची पहिली गाडी बोरीबंदरहून निघून ठाण्याला थांबली. ठाण्यापुढची खाडी आणि पारसिकचा डोंगर ओलांडून रेल्वे कल्याणला पोचली ती १ मे १८५४ ला. म्हणजे रुंद खाडीवरच्या कमानींवरून जाणारी गाडी ही पहिल्या दिवसाची गाडी असूच शकत नाही. तरीही हीच ओळ वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, शाळेच्या फलकांवर आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत जाऊन बसते. एकदा छापून आली की पुढचा माणूस ‘छापून आलंय’ म्हणून तीच उचलतो.

जुन्या रेल्वेपुलांच्या फोटोंबद्दल आपल्याकडे हौस भरपूर आहे, पण शिस्त नाही. स्थळ, काळ आणि दिशा माहीत नसलेला फोटो ही नुसती शोभा असते, त्याला पुरावा म्हणता येत नाही. आणि घाटातल्या पुलाचं स्थळ, काळ आणि दिशा ठरवण्याचं काम लंडनच्या ग्रंथालयात बसून होत नाही. कर्जत, खोपोली, खंडाळा, कसारा, इगतपुरी इथली डोंगराची रेघ डोळ्यांत असलेल्या माणसालाच ते जमतं. म्हणून या फोटोंची नोंदवही तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात असावी, आणि ती ठेवणं हे अनुदानित वाचनालयाचं ठरलेलं काम मानलं जावं. फावल्या वेळचा उपक्रम म्हणून हे काम निभणार नाही.

सगळ्यात मोठा घोळ नावांचा आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी कानाला लागलं तसं लिहिलं. जुन्या कागदांत ठाणे ‘तान्ना’ आहे, कल्याण ‘कॅलियन’, कर्जत ‘कुर्जट’, लोणावळा ‘लानोली’, खोपोली ‘कॅम्पूली’ आणि थळ घाट, म्हणजे कसारा घाट, ‘थल्ल’. परदेशी ग्रंथालयांच्या याद्या याच स्पेलिंगांवर उभ्या आहेत. आजच्या स्पेलिंगने शोधलं की काहीच सापडत नाही आणि माणूस ‘फोटोच नाहीत’ असं म्हणून उठतो.

‘दापुरी व्हायाडक्ट’चं, म्हणजे दापुरीच्या कमानींच्या पुलाचं, उदाहरण घ्या. इंटरनेटवर हे नाव ठाण्याच्या खाडीवरच्या पुलाला चिकटलेलं आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या इंग्रजी कागदांत दापुरी म्हणजे पुण्याजवळची दापोडी, मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला आणि वनस्पती उद्यान होतं ती. तिथे रेल्वे मुळा नदी ओलांडते. दोन जागांमध्ये अख्खा सह्याद्री आहे, आणि खंडाळा ते पुणे हा तुकडाच सुरू झाला १४ जून १८५८ ला. म्हणून त्या नावाचं चित्र समोर आलं की नावावर विसंबायचं नाही, खांबांच्या पायथ्याकडे बघायचं. भरती-ओहोटीच्या खाडीतल्या खांबावर भरतीच्या पातळीपर्यंत काळपट ओला पट्टा असतो, त्यावर शिंपल्यांचा थर धरलेला असतो, आणि काठाला चिखल नि खारफुटी दिसते. दख्खनच्या नदीत खांब उघड्या खडकात रोवलेले दिसतात, उन्हाळ्यात पाणी एका धारेपुरतं उरतं, आणि पुराची खूण असते ती खांबाला अडकलेल्या काटक्या-गवताची. एवढं बघितलं तरी निम्मे वाद मिटतात.

नावाची अडचण जुन्याच काळाची आहे असंही नाही. कोकण रेल्वेचा प्रसिद्ध उंच पूल रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवर आहे. त्याची उंची ६४ मीटर आणि लांबी ४२४ मीटर. इंग्रजीत एका अक्षराची गफलत झाली की तो ‘पनवेलचा पूल’ होतो, आणि रायगड जिल्ह्यातल्या पनवेलकरांना आपल्याकडे असा पूल कधी होता याचं कोडं पडतं. मराठीत ‘पानवल’ लिहिलं की गोंधळ उरत नाही. नोंद मराठीतही हवी, या आग्रहामागे भाषेच्या अभिमानाइतकंच हे साधं कारणही आहे.

आता भोर घाटाकडे, म्हणजे खंडाळ्याच्या घाटाकडे वळू, कारण या विषयातला सगळ्यात मोठा ऐवज तिथे आहे. आणि सगळ्यात मोठं दुर्लक्षही तिथलंच.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे (जीआयपी) मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी आखलेला हा चढ सुमारे १६ मैलांचा आहे. एवढ्या अंतरात रूळ १,८३१ फूट वर चढतात. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट. २५ बोगदे, ८ दरीपूल. १८५६ च्या जानेवारीत काम सुरू झालं आणि २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्गाचं उद्घाटन झालं. मधल्या काळात मुंबईहून आलेला प्रवासी खोपोलीला उतरायचा आणि पालखी, तट्टू किंवा गाडीने घाट चढून खंडाळ्याला पुन्हा रेल्वेत बसायचा. पहिला कंत्राटदार विल्यम फेव्हिएल याने १८५९ मध्ये काम सोडलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी उठाव केला होता. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरल्यावर थोड्याच दिवसांत आजारपणाने वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट स्वतःकडे ठेवलं आणि दोन अनुभवी व्यवस्थापकांच्या हाताने ते तडीस नेलं. या कामाची जी फार जुनी छायाचित्रं आज परदेशी संग्रहांत आहेत, त्यांतली काही याच ॲलिस ट्रेडवेलच्या नावाशी जोडलेली आहेत.

ती छायाचित्रं आपण ‘किती सुंदर पूल’ म्हणून बघतो. जरा मोठी करून बघावीत. कमानीखालच्या लाकडी सांगाड्यावर, दगडांच्या राशीशेजारी, ठिपक्यांएवढी माणसं दिसतात. बहुतेकदा त्यांना तिथे उभं केलेलं असतं ते माप म्हणून, पुलाची उंची बघणाऱ्याला कळावी म्हणून. कामाच्या ऐन भरात, १८६१ मध्ये, या घाटावर ४२ हजारांच्या आसपास माणसं राबत होती. कॉलरा, ताप, सुरुंगाचे अपघात आणि दरीत पडणं यांत हजारोंनी मेली. अभियंत्याचं नाव कागदावर राहिलं, कंत्राटदाराच्या विधवेचंही राहिलं. दगड फोडणाऱ्या वडाराचं नाव फोटोखालच्या ओळीत कधीच आलं नाही, डोक्यावर पाटी घेऊन चढणाऱ्या बाईचं तर नाहीच. खोपोलीहून वर जाताना घाटात शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ज्या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि मोबदल्यात गोळी खाल्ली, त्याची ती कथा. कुणी ती रस्त्याची म्हणून सांगतं, कुणी रेल्वेची. लोककथेला तारखेचा पुरावा मागू नये. पण काम कुणाच्या जिवावर झालं ही आठवण लोकांनी देवळात जपली आणि कागदाने जपली नाही, एवढं त्यातून स्वच्छ दिसतं. फोटोच्या नोंदीत ‘माणसं किती, काय करताहेत, हातात काय आहे’ हा रकाना सक्तीचा असावा तो यासाठी.

याच घाटातला एक पूल जुन्या कागदांत ‘म्हाऊ-के-मल्ली’ या नावाने येतो. पन्नास फुटी आठ कमानी, खाली खोल दरी. १९ जुलै १८६७ ला, ऐन पावसात, तो कोसळला. उद्घाटनाला जेमतेम चार वर्षं झाली होती. त्यानंतर जीआयपीच्या एकूण दगडी कामाच्या दर्जावर मोठा गदारोळ झाला. असे खांब का पडतात हे गवंड्याला सांगावं लागत नाही. उंच खांब बाहेरून घडीव दगडाचा दिसतो, पण आत डबर आणि चुना भरलेला असतो. बाहेरची भिंत आणि आतला भराव यांना जखडून ठेवणारे, आडवे खोलवर जाणारे लांब दगड पुरेसे घातले नाहीत, की दोन्ही सुटे राहतात. चुना नीट मळला-मुरला नसेल किंवा घाईने पावसाच्या तोंडावर भरला असेल, तर तो आत घट्ट होतच नाही. चारपाच पावसाळे पाणी झिरपलं की आतला भराव खचतो, बाहेरच्या भिंतीला पोट सुटतं, आणि मग एके दिवशी सगळं खाली येतं.

फोटोचा खरा उपयोग इथे आहे. काम चालू असतानाच्या चांगल्या प्रतीत अर्धवट खांबाचा वरचा भाग दिसतो. आत काय भरलंय, लांब दगड किती अंतराने आहेत, ते मोजता येतं. पुलाचं आरोग्य तपासणाऱ्या आजच्या अभियंत्यालाही हे हवं असतं, कारण दीडशे वर्षांच्या खांबाच्या आत काय आहे ते भोक पाडल्याशिवाय दुसरीकडून कळत नाही. नावाबद्दल माझा अंदाज असा, की ‘मल्ली’ ही आपली ‘मळी’ असावी, म्हणजे उताराखाली साठलेल्या मातीची शेतजमीन. घाटाखालच्या वाड्यांत अजून जुनी शेतनावं सांगणारी माणसं आहेत. त्यांना विचारणं हे संशोधन आहे आणि ते याच पिढीत करावं लागेल.

घाटातल्या फोटोचा काळ ठरवायला काही पक्क्या खुणा आहेत. विजेचे खांब आणि वर तारा दिसत असतील तर फोटो १९२९ च्या आधीचा नाही, कारण कल्याण-पुणे मार्गावर वीज त्या सुमारास आली. खंडाळ्याखालचं रिव्हर्सिंग स्टेशन, म्हणजे जिथे गाडी थांबून इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि उलट दिशेने चढ सुरू व्हायचा, तेही नव्या आखणीमुळे १९२९ मध्येच बंद झालं. ते चालू अवस्थेत दिसलं तर फोटो १८६३ ते १९२९ मधला. म्हाऊ-के-मल्लीच्या मूळ आठ कमानी अखंड दिसल्या तर जुलै १८६७ पूर्वीचा. लांब नाकाचं, दोन्हीकडे उतरतं तोंड असलेलं विजेचं मालगाडीचं इंजिन, ज्याला रेल्वेतली माणसं ‘खेकडा’ म्हणायची, ते दिसलं तर १९२८ नंतरचा. थळ घाटात कसारा-इगतपुरी मार्ग १ जानेवारी १८६५ ला सुरू झाला. तिथला एहेगावचा पूल दीडशे फुटी तीन लोखंडी गाळ्यांचा आहे, त्यामुळे उंच दगडी खांबांवर तीन लांब जाळीदार गर्डर दिसले तर भोर घाट आणि थळ घाट यांची गल्लत होऊ नये. तरी ती सतत होते.

कागदही बोलतो. पिवळट, पातळ, पुठ्ठ्यावर डकवलेली, भिंगाखाली कागदाचे धागे आणि बारीक भेगा दाखवणारी प्रत बहुधा अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या कागदावरची, म्हणजे साधारण १८५५ ते १८९५ मधली. काळ्या भागावर तिरप्या उजेडात निळसर चांदीची झाक येत असेल तर ती जिलेटिनची, नंतरची. आकाश कोरं पांढरं आणि चालती माणसं भुतासारखी पुसट असतील, तर ओलं रसायन लावलेल्या काचेच्या पाटीवर काही सेकंद उजेड देऊन घेतलेला फोटो. ते रसायन निळ्या रंगालाच भुलायचं, म्हणून ढग उमटतच नसत.

एक चूक वारंवार होते आणि ती सापडायला स्थानिक डोळाच लागतो. काचेची पाटी उलटी धरून छापली की डावं उजवीकडे जातं. परदेशात बसलेल्याला हे कळायला मार्ग नाही. पण खंडाळ्याच्या बाजूने उत्तरेकडे बघताना राजमाचीचे दोन बालेकिल्ले दिसतात. मनरंजन डावीकडे, पश्चिमेला, आणि जास्त उंच श्रीवर्धन उजवीकडे. फोटोत उंच माथा डावीकडे असेल तर आधी पाटी उलटी आहे का ते बघावं. नागफणीचा सुळकाही असाच साक्षीदार. त्याचा फणा कुठल्या बाजूला कलतो हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं.

फोटो नेमका कुठून काढला हे शोधायची रीत सोपी आहे, सवयीची मात्र आहे. फोटोत एक जवळची न हलणारी वस्तू निवडायची, समजा पुलाच्या कठड्याचा कोपरा. तिच्या बरोबर मागे डोंगरमाथ्यावरची एखादी खिंड किंवा सुळका पकडायचा. जागेवर जाऊन ती दोन्ही एका रेषेत येईपर्यंत डावी-उजवीकडे सरकायचं. मग दुसरी अशीच जोडी, शक्यतो फोटोच्या दुसऱ्या टोकाची. दोन रेषा जिथे छेदतात तिथे कॅमेरा होता. उंचीसाठी बघायचं ते कठड्याची वरची कड मागच्या डोंगराला कुठे कापते ते. अडचण येते झाडीची. १८६० चे उतार बोडके होते, आज तिथे रान माजलंय आणि खिंड दिसत नाही. म्हणून हे काम मार्च-एप्रिलमध्ये, पानगळीनंतर करावं. रूळ हेसुद्धा माप आहे. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर. रूळ समोरून दिसत असतील तर त्यावरून त्याच अंतरावरच्या खांबाची रुंदी निघते, आणि एका थराची जाडी काढून थर मोजले की उंचीही. फक्त एक पथ्य: हे सगळं सार्वजनिक रस्ता, वाट किंवा स्टेशनातून करायचं. रुळांवर आणि पुलावर विनापरवाना जाणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि घाटात उताराची गाडी वळणामागून किती जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही, हे गँगमनला विचारावं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारणाऱ्यांना अमृतांजन पुलाची आठवण करून द्यावी लागते. द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळचा हा दगडी पूल टाळेबंदीत, रस्ता मोकळा असताना, एप्रिल २०२० मध्ये सुरुंग लावून पाडला. तो पाडू नये असं माझं म्हणणं नाही. त्याच्या खांबांमुळे तिथे अपघात आणि कोंडी व्हायची, माणसाचा जीव दगडापेक्षा मोठाच. तक्रार पुढची आहे. बातम्यांत त्याचं वय १९० वर्षं छापून आलं, आणि कुठे कुठे त्यालाच रेल्वेचा जुना पूलही म्हटलं गेलं. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. १८३० हे साल भोर घाटातल्या गाडीरस्त्याचं. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी तो १० नोव्हेंबर १८३० ला खुला केला. घाटातली रेल्वे १८६३ ची. १९० वर्षांचा रेल्वेपूल देशातच नाही, कारण पहिली प्रवासी गाडीच १८५३ ची. हा वाद मिटवायला काय लागलं असतं? पुलाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी, त्याचा चढ आणि वळण, कठड्याची जाडी, दगडांवरच्या छिन्नीच्या खुणा, कमानीच्या कळीच्या दगडाचं माप, आणि चारही बाजूंनी मापपट्टी धरून काढलेले फोटो. दोन माणसांचं दोन दिवसांचं काम. त्याच्या जोडीला लोकांच्या घरातले जुने फोटो गोळा झाले असते, तर आज कुठल्याही शाळेतल्या मुलाला पुरावा समोर ठेवून उत्तर देता आलं असतं. म्हणून नियम असा हवा: शंभर वर्षांपलीकडचा कुठलाही पूल पाडायचा, रुंदावायचा किंवा त्याचे गर्डर बदलायचे, तर आधी मोजमाप-नकाशा आणि छायाचित्रांचा पूर्ण संच तयार करून त्याची प्रत तालुक्याच्या वाचनालयात जमा केल्याशिवाय कंत्राटदाराचं पहिलं बिल निघू नये. पैशाला बांधलेली अट पाळली जाते, नुसत्या परिपत्रकाची गत काय होते ते आपण जाणतो.

यावर एक आक्षेप सुरक्षेचा येतो. चालू पुलाचे आजचे तपशील उघड्यावर मांडू नयेत हे मान्य. पण १८६० च्या फोटोतून आणि १९२९ ला सोडून दिलेल्या मार्गाच्या नकाशातून कुठलं गुपित फुटतं? दुसरा आक्षेप हक्काचा. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रावरचा स्वामित्वहक्क २०१२ पर्यंत प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपत असे; २०१२ च्या दुरुस्तीपासून तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. तेव्हा दीडशे वर्षांपूर्वी छापल्या गेलेल्या फोटोवर आज कुणी ठळक शिक्का मारून ‘परवानगीशिवाय वापरू नये’ लिहीत असेल, तर तो मालकी सांगतोय ती आपल्या सगळ्यांच्या मालाची. घरगुती, कधीच न छापलेल्या फोटोंचं वेगळं आहे. तिथे मालकाची लेखी संमती घ्यावीच, आणि फोटोत ओळखू येणाऱ्या हयात माणसांना विचारावं.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा आळसाची आहे: ‘जुने कागद कुठे ठेवणार, रद्दीत गेले’. केंद्र सरकारच्या आणि त्याच्या अखत्यारीतल्या कार्यालयांना १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा लागू आहे. त्यानुसार १८९२ पूर्वीचा कुठलाही अभिलेख नष्ट करता येत नाही. अपवाद एकच, तो कामास येणार नाही इतका खराब झाल्याचं अभिलेखागाराच्या प्रमुखांचं मत पडलं तर. भोर घाट आणि थळ घाट दोन्हींच्या बांधकामाचे कागद या रेषेच्या आतले आहेत. कायदा आहे, तो वापरायला माहिती मागणारे नागरिक हवेत.

वाचनालयच का, असं कुणी विचारेल. कारण महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने उभं राहिलेलं जाळं तयार आहे, दर वर्षी अनुदान मिळतं, जागा आहे, कपाट आहे, आणि मुख्य म्हणजे गावातला माणूस तिथे घरचा अल्बम घेऊन यायला कचरत नाही. संग्रहालयाची पायरी तो चढत नाही. रेल्वेत नोकरी केलेल्यांची कुटुंबं इगतपुरी, कर्जत, लोणावळ्यात तीन-तीन पिढ्या राहिली आहेत. घाटात गाडीला मागून रेटणाऱ्या बँकर इंजिनावरचा सत्कार, गँगची जेवणं, पावसात दरड काढतानाची माणसं, असे फोटो त्यांच्या घरात आहेत. मूळ फोटो कुणी मागू नये. तिथल्या तिथे प्रत काढून घरच्यांच्या हातात परत द्यावा, म्हणजे विश्वास टिकतो.

प्रत काढण्यात बिघाड कुठे होतो ते सांगतो, कारण चांगल्या हेतूने खराब केलेले अल्बम मोजण्यापलीकडे आहेत. मोबाइलने उभ्या-उभ्या काढलेली प्रत ही प्रत नव्हे. कडा वाकतात आणि चकाकीत तपशील जातो. साधा सपाट स्कॅनर पुरतो. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके), त्याहून लहान असेल तर १,२००, पस्तीस मिलिमीटर निगेटिव्हला ३,००० च्या वर. काळा-पांढरा असला तरी रंगीत मोडमध्येच, कारण डाग आणि पिवळेपणा हेही पुरावे आहेत. स्कॅनरची ‘सुधारणा’ करणारी सगळी बटणं बंद. फाइल टिफ प्रकारची, म्हणजे तपशील न गाळणारी, आणि व्हॉट्सॲपवर पाठवायला वेगळी, लहान जेपेग. फोटोची पूर्ण कड दिसली पाहिजे. मागची बाजू वेगळी स्कॅन करायची. स्टुडिओचा शिक्का आणि आजोबांच्या हातची तारीख पुष्कळदा तिथेच असते, आणि निम्म्याहून जास्त लोक नेमकी तीच बाजू सोडतात.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नये, काचेसकट स्कॅन करावा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो निघत नसेल तर पान आहे तसं स्कॅन करावं. ओढलं की वरचा थर पानावर राहतो. मागे लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, कठीण काचेवर ठेवून. बॉलपेन दोन-चार वर्षांत पुढे उमटतं. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही, ते परत निघत नाही. घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हवेतला ओलावाच फोटोचा मुख्य शत्रू. दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर राहिला की जिलेटिनवर बुरशी धरते आणि फोटो एकमेकांना चिकटतात. म्हणून गोळा करण्याची मोहीम दिवाळीनंतर सुरू करून मार्चअखेर संपवावी. फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या गावांत ठेवाव्यात, आणि वर्षातून एकदा उघडून बघाव्यात. नोंदीत नाव लिहावं ते असं: आजचं मराठी नाव, कंसात जुन्या कागदातलं नाव, दिशा, कुठून काढला, काळ कशावरून ठरवला, आणि सांगणाऱ्याची खात्री किती. ‘बहुधा’ लिहायला लाजू नये.

शेवटी कोकण रेल्वेबद्दल, कारण तिथे घाई आहे. २६ जानेवारी १९९८ ला तिच्या पूर्ण मार्गावर गाडी धावू लागली, म्हणजे बांधकामाचे फोटो नव्वदच्या दशकातले, रंगीत कागदावरचे. काळ्या-पांढऱ्या फोटोत चांदी असते, ती शंभर वर्षं टिकते. त्या रंगीत कागदात रंगद्रव्यं असतात, आणि बंद कपाटातही ती उडतात. निळसर रंग आधी जातो, म्हणून ते फोटो लाल-गुलाबी पडलेले दिसतात. पानवल नदीवरचा पूल बांधताना काँक्रीटचे तुकडे एका काठावर ओतून, जॅकने इंच-इंच पुढे ढकलत खांबांवर सरकवले गेले. भारतात रेल्वेच्या पुलावर ही पद्धत नवी होती. त्या पोकळ, अष्टकोनी खांबांच्या आत शिडीवर चढून सळई बांधलेली माणसं आज साठीच्या पुढे आहेत. काही रत्नागिरी तालुक्यातच आहेत, बरीच दुसऱ्या राज्यांतून आली होती आणि काम संपल्यावर पुढच्या पुलाकडे गेली. त्यांच्या अल्बममधला एखादा फोटो, शिरस्त्राण घातलेले सहा जण आणि मागे अर्धा उभा खांब, आत्ताच गुलाबी झाला असेल. त्या सहा जणांची नावं सांगू शकणारा माणूस अजून आहे.